निचऱ्याच्या चरासाठी ग्रामसभेत प्रेझेंटेशन केलं, त्याची जानेवारी ते डिसेंबरची हकीकत

ग्रामसभेत एखादा विषय मांडायचा, तोही पडद्यावर स्लाइड दाखवून, आणि त्यावर गावाचा ठराव करून घ्यायचा, यासाठी काय काय करावं लागतं हे सांगणारं मला कुणी भेटलं नव्हतं. २०२५च्या जानेवारीत हातात घेतलेलं काम डिसेंबरात एका टप्प्याला लागलं. आमच्यासारखी अडचण असलेल्या गावांत कुणाला तरी उपयोग होईल म्हणून सगळं क्रमाने लिहिते.

आमचं गाव मिरज तालुक्याच्या पश्चिम भागात, कृष्णा आणि वारणा या दोन नद्यांच्या मधल्या काळ्या रानांतलं. पाण्याला तोटा नाही, आणि दुखणंही तेच आहे. वर्षानुवर्षं पाटाने उसाला पाणी दिलं. बांध सरकत गेले तसे जुने चर बुजले. जमिनीखालचं पाणी वर वर येत गेलं. उन्हाळ्यात ते पाणी वाफ होऊन जातं, त्यातले क्षार मागे राहतात. खालच्या अंगाची रानं अशी एकेक करून पांढरी पडत गेली.

जानेवारीत आमच्या खालच्या एकराला तोड आली. पूर्वी त्यात ५५ टन ऊस निघायचा. या वेळी २२ टन निघाला. सासऱ्यांनी, म्हणजे मामांनी, त्या रानात आधीच्या वर्षी जिप्सम टाकलं होतं, ताग गाडला होता, शेणखतही घातलं होतं. फरक दिसला नाही. मग जमिनीतलं जादा पाणी बाहेर काढणाऱ्या सच्छिद्र पाइपांची चौकशी केली. बारीक भोकांचे नालीदार पीव्हीसी पाइप, वर फिल्टरचं कापड गुंडाळलेलं, साधारण तीन ते चार फूट खोल ठरावीक अंतराने गाडायचे. ते सगळे एका मोठ्या पाइपाला जोडायचे आणि तो चरात सोडायचा. आम्हाला मिळालेलं दरपत्रक एकरी एक लाखाच्या आसपास होतं. ठेकेदाराने रान बघितलं आणि म्हणाला, “वहिनी, पाइप उद्या टाकतो. पाणी कुठं सोडू तेवढं दाखवा.”

दाखवायला जागा नव्हती. आमच्या रानाच्या खाली आणखी रानं, त्याच्या खाली ग्रामपंचायतीचा पाणंद रस्ता, रस्त्याकडेचा चर बुजलेला, आणि त्यापुढे ओढा. एकट्याने लाख रुपये घालून काही होणार नव्हतं. चर उघडा करायचा तर गावानेच ठरवायला हवं होतं. मी दूध संस्थेचे हिशेब बघते, त्यामुळे कॉम्प्युटर हाताखालचा आहे. पण ग्रामसभेत मी तोवर कधी तोंड उघडलं नव्हतं, आणि जमिनीच्या विषयात तर सुनेने बोलायचं म्हणजे सगळ्या माना वळणार, हे माहीत होतं.

सुरुवात ग्रामसेवकांपासून केली. (हुद्द्याचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झालं आहे, पण गावात अजून ग्रामसेवकच म्हणतात.) ते म्हणाले, विषय पत्रिकेवर यायचा असेल तर लेखी अर्ज द्या, नाहीतर तो ‘ऐनवेळचे विषय’मध्ये जाईल आणि तिथपर्यंत लोक उठून गेलेले असतात. हे अगदी खरं निघालं. अर्जावर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊन पोच जवळ ठेवली. सभा १ मेची धरली, म्हणजे हातात तीन महिने होते.

फेब्रुवारीत मातीचे नमुने घेतले. तोड झाल्यावर आणि खोडव्याला (तुटलेल्या उसाच्या बुडख्यांतून परत फुटणाऱ्या पिकाला) खत टाकायच्या आधी ही वेळ बरोबर असते. क्षारपडीसाठी वरच्या थराचा नमुना वेगळा आणि दोन फुटांखालचा वेगळा घ्यायचा, आणि चांगल्या रानाची माती वाईट रानाच्या मातीत मिसळायची नाही. सावलीत वाळवून, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत टाकत अर्धा किलोपर्यंत आणायची. पिशवीत चिठ्ठी टाकायची ती पेन्सिलीने लिहिलेली. ओल लागली की शाई पसरते. आमच्याबरोबर खालच्या अंगाच्या आणखी काही शेतकऱ्यांनी नमुने दिले. तपासणीची फी किरकोळ होती, अहवाल यायला मात्र तीन आठवड्यांवर गेले.

अहवालांनी माझं डोकं ताळ्यावर आणलं. सगळ्यांची जमीन एकाच प्रकारची असेल असं गावात धरून चालतात. तसं नव्हतं. काही रानांत क्षारता ४ डेसीसायमनच्या (प्रति मीटर, हे क्षार मोजायचं एकक) वर आणि सामू (पीएच) साडेआठच्या आत, म्हणजे ती क्षारयुक्त. काहींचा सामू ९ ला टेकलेला आणि क्षारता कमी, म्हणजे ती चोपण. चोपणाला जिप्सम लागतं. क्षारयुक्त रानात जिप्समवर पैसे घालण्यात अर्थ नाही, तिथे पाणी देऊन क्षार धुवून काढावे लागतात. दोन्हींना निचरा मात्र हवाच. धुतलेलं पाणी बाहेर जायला वाट नसेल तर उपाय कुठलाही करा, क्षार जागचे हलत नाहीत. माझ्या सगळ्या मांडणीचा कणा इथेच मिळाला, आणि तेव्हा एकही स्लाइड झालेली नव्हती.

याच काळात कृषी सहायकांनी एक साधी गोष्ट सुचवली, ती मी कुणालाही सुचवेन. गिरमिटाने पाच फूट खोल भोक पाडायचं, त्यात भोकं पाडलेला पाइपचा तुकडा उभा ठेवायचा, वर टोपण. आठवड्याने टोपण काढून वजन बांधलेली दोरी सोडायची आणि पाणी किती खाली आहे ते मोजायचं. आमच्या खालच्या एकरात मार्चच्या उन्हातसुद्धा पाणी अडीच फुटांवर होतं. दोरी वर काढून ओला भाग टेपला लावून मामांना दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “म्हंजे उसाची मुळी पाण्यातच उभी हाय की.” पुढे सभेत हे वाक्य त्यांच्याच तोंडून आलं.

नकाशासाठी महाभूनकाशाच्या संकेतस्थळावरून गटांचा नकाशा घेतला आणि गूगल अर्थमधली जुनी छायाचित्रं बघितली. कॉम्प्युटरवरच्या आवृत्तीत मागच्या वर्षांची चित्रं सरकवून बघता येतात. उन्हाळ्यातली चित्रं निवडायची, पावसाळ्यातल्यात सगळं हिरवंच दिसतं. वर्षं पुढे सरकतील तसा ओढ्याच्या बाजूने पांढरा डाग वर चढत आलेला त्यात दिसत होता. रान किती बिघडलं आहे त्याप्रमाणे नकाशावर मी लाल, पिवळा, हिरवा असे रंग भरले. इथे एक नाजूक बाब आहे. रान क्षारपड आहे हे पडद्यावर गट नंबरासकट दाखवणं म्हणजे त्या माणसाची किंमत चारचौघांत कमी करण्यासारखं वाटतं. उद्या जमीन विकायची असेल, कर्ज काढायचं असेल, पोराची सोयरीक असेल. म्हणून ज्यांनी होकार दिला त्यांचेच गट नंबर लिहिले, बाकीच्या रानांना नुसता रंग. आमचा गट सगळ्यात आधी आणि ठळक लिहिला. ते बघून पुढे काही जण आपणहून म्हणाले, आमचाबी टाका.

पाडव्यानंतर स्लाइड करायला बसले. पहिल्या मसुद्यात सगळं होतं: क्षारतेचा आलेख, जमिनीचे प्रकार, पाइपाचे मापाचे चित्र, सरकारी योजना. तो जावेला दाखवला. तिने आलेखावर बोट ठेवून विचारलं, “ह्यातलं आपलं रान कुठलं?” आलेख काढला. त्या जागी आमच्या कारखान्याच्या बिलातले टनेजचे आकडे घातले. ५५ टन, २२ टन, फरक ३३. टनाला ३,१०० रुपये धरले तर १,०२,३०० रुपये. खाली एकच ओळ: ‘एका एकराचं एका हंगामातलं नुकसान.’ शेजारी पाइपाचं दरपत्रक, एकरी सुमारे एक लाख. पुढे मात्र हेही स्पष्ट लिहिलं की पाइप टाकल्यावर पहिल्याच वर्षी टनेज भरून येत नाही, दोन-तीन हंगाम जातात. हे लिहू नको, लोक मागे सरतील, असं घरात म्हणणं पडलं. मी ठाम राहिले. ज्यांच्याकडून वर्गणी मागायची त्यांच्यापासून असली गोष्ट लपवली, तर दुसऱ्या वर्षी त्यांच्या दारात कुठल्या तोंडाने जायचं?

सगळ्यात जास्त वेळ गेला तो कारणाच्या स्लाइडवर. खरं कारण सगळ्यांना माहीत आहे: पाणी जास्त दिलं जातं. पण ते पडद्यावर तसं लिहिलं की समोरचा माणूस आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो आणि ऐकणं थांबवतो. त्यात तो सगळा दोषीही नाही. रात्रपाळीची लाइट असली की मोटर चालू करून माणूस घरी येतो, पाणी पहाटेपर्यंत वाहतं. अंधारात, सापाकिरड्यात दारं मोडत, म्हणजे पाणी एका सरीतून दुसरीत वळवत, कोण बसणार? मी लिहिलं: ‘पाणी रानात येतं, पण रानातून बाहेर जायला वाट उरलेली नाही.’ ठिबकाचा विषय पूर्ण बाजूला ठेवला. ठिबक हवंच, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण एका सभेत दोन गोष्टी मागितल्या की दोन्हींवर चर्चा होते आणि ठराव एकाचाही होत नाही.

दुसरीकडे हे झालं आहे, हे दाखवणंही गरजेचं होतं. मोहित्यांचे वडगावचं उदाहरण द्यायचं मनात होतं. कडेगाव तालुक्यातल्या या गावाने २०२२मध्ये ठरवून संध्याकाळी सातला भोंगा सुरू केला, भोंगा झाला की दीड तास टीव्ही-मोबाइल बंद, पोरं अभ्यासाला. मामा म्हणत होते बळीराजा धरणाचं दे, येरळेवर बलवडी-तांदूळवाडीच्या लोकांनी स्वतः राबून उभं केलेलं. दोन्ही उदाहरणं मोलाची आहेत, पण आमची माती वेगळी आणि प्रश्न वेगळा. शेवटी शिरोळ तालुका घेतला. तिथे दत्त कारखान्याच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी एकत्र येऊन हजारो एकर क्षारपड जमीन पाइप टाकून सुधारली आहे. हीच काळी जमीन, हाच ऊस. नृसिंहवाडीला दर्शनाला जाताना वाट वाकडी करून बघून यावं इतक्या जवळ. आम्ही तसंच केलं. तिथल्या एका शेतकऱ्याने चेंबरचं झाकण उघडून दाखवलं. आत पाइपाच्या तोंडातून करंगळीएवढी धार सारखी पडत होती. फोटोपेक्षा व्हिडिओ घेतला, वीस सेकंदांचा, आवाजासकट. पुढे सभेत सगळ्यात जास्त वेळा परत लावायला सांगितलेली स्लाइड हीच.

थोडं तांत्रिक, कारण यात वेळ फार जातो. मराठी टायपिंग युनिकोडमध्येच करा. दूध संस्थेच्या कॉम्प्युटरवरच्या जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या लॅपटॉपवर उघडला की अक्षरांची खिचडी होते. मी मुक्ता फॉन्ट वापरला, अक्षर ४० पॉइंटच्या खाली कुठेच नाही. एका स्लाइडवर तीन ओळींपेक्षा जास्त नको. मथळ्यात ‘कारणे’, ‘उपाय’ असे सुटे शब्द न लिहिता पूर्ण वाक्य लिहा. उशिरा आलेल्या माणसालाही त्यावरून काय चाललं आहे ते कळतं. फाइल पीडीएफ करून पेन ड्राइव्हवर, मोबाइलवर आणि मेलवर, तिन्हीकडे ठेवा. व्हिडिओ पीडीएफमध्ये चालत नाही, तो वेगळा घ्या. एकूण स्लाइड बारा झाल्या.

स्लाइडइतकंच काम दोन बाटल्यांनी केलं. काचेच्या दोन बाटल्या, एकीत चांगल्या रानाची माती, दुसरीत चोपण रानाची, वर आरओचं पाणी, हलवून ठेवायच्या. चांगल्या मातीचं पाणी थोड्या वेळात वर निवळ होतं. चोपणाचं दुसऱ्या दिवशीही गढूळच राहतं, कारण मातीचे कण सोडियममुळे सुटे होऊन तरंगत राहतात. बोअरचं पाणी वापरू नका, त्यातल्या क्षारांमुळे फरक नीट दिसत नाही.

एप्रिलमध्ये मी खालच्या अंगाच्या घरांत जाऊन आले. आधी स्लाइड आणि मग लोक असा माझा समज होता, तो कृषी सहायकांनी बदलला. ते म्हणाले, सभेत विरोध कोण करणार ते माहीत आहे ना, मग त्यांच्याकडे सभेच्या आधी जा. चराला लागून सगळ्यात खाली ज्यांचं रान, ते अण्णा. त्यांच्या अंगणात बसून मी लॅपटॉप उघडायच्या आधीच ते म्हणाले, “तुमचं समद्यांचं खारं पाणी माझ्या बांधाला आणून सोडणार, आन् माझं रान बुडवणार. पोरी, हे मला कसं चालंल?”

त्यांची शंका रास्त होती आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग आम्ही सहा घरांनी मिळून तीन हजार रुपये देऊन जमिनीच्या उंच-सखलपणाची लेव्हल काढून घेतली. ओढ्याचा तळ अण्णांच्या रानापेक्षा पाच फुटांनी खाली निघाला. चर पूर्ण खोलीचा झाला तर वरचं पाणी त्यांच्या बांधाजवळ थांबणार नव्हतं, उलट त्यांच्या रानातलं पाणीही चराला उतरणार होतं. पण अर्धवट खोदला तर अण्णांचं म्हणणं शंभर टक्के खरं ठरणार होतं. म्हणून मागणीची स्लाइड बदलली. ‘चर साफ करावा’च्या जागी ‘चराचं काम ओढ्याकडून सुरू करून वर आणावं’ असं लिहिलं. अण्णांना ते वाचून दाखवलं. ते हो म्हणाले नाहीत, पण “सभेला येतो” म्हणाले.

ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते. आमच्याकडे ती बऱ्याचदा सह्यांपुरती होते. २८ एप्रिलला मी तिथे स्लाइड दाखवायची परवानगी मागितली आणि सरपंचांनी दिली. बचत गटाच्या बायका होत्या. भांगलायला त्याच जातात, त्यामुळे कुठल्या सरीपासून रान मेलंय हे त्यांना नकाशाशिवाय सांगता येतं. एकीने माझ्या नकाशातला एक पिवळा तुकडा लाल करायला लावला. दुसरी म्हणाली, आमच्या रानात तणसुद्धा उगवत नाही, हे लिही. लिहिलं. तिथे बोलताना आवाज कापला नाही, आणि पुढच्या सभेची भीती निम्मी तिथेच गेली. महिला सभेची शिफारस इतिवृत्तात नोंदवून घेतली.

१ मेला सकाळी देवळासमोर मांडवात ग्रामसभा होती. कोरम म्हणजे एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यातली कमी असेल ती संख्या. लग्नसराई, ऊन, तीही भरली नाही. सभा तहकूब झाली. मी पदर खोचून तयारीनिशी गेले होते, फार वाईट वाटलं. पण तसं होणंच पथ्यावर पडलं. एक तर मांडवातल्या उजेडात प्रोजेक्टरवर काही दिसलंच नसतं. दुसरं, तहकूब सभेला कोरमची अट नसते, मात्र तिथे पत्रिकेवरचे तेच विषय घेता येतात, नवा विषय येत नाही. आमचा विषय पत्रिकेवर होता. तहकूब सभा संध्याकाळी सातला शाळेच्या हॉलमध्ये घ्यावी अशी विनंती केली, ती मान्य झाली.

८ मेची सभा. प्रोजेक्टर सांगलीहून भाड्याने आणला, ९०० रुपये. पडद्याऐवजी धुतलेली पांढरी चादर ताणून बांधली. लांब वायरचा बोर्ड, एचडीएमआयची स्वतःची वायर आणि एक छोटा स्पीकर बरोबर ठेवला. वळवाचे दिवस, लाइटचा भरवसा नाही, म्हणून नकाशाचा सहा बाय चारचा फ्लेक्स ४८० रुपयांत करून घेतला होता आणि मुख्य स्लाइडच्या मोठ्या रंगीत प्रती काढल्या होत्या. लाइट गेलीच, मधेच, दहा मिनिटं. मोबाइलच्या बॅटऱ्या फ्लेक्सवर धरून लोक पुढे आले आणि नकाशावर आपापलं रान शोधायला लागले. त्या दहा मिनिटांत खुर्च्यांवर बसून ऐकणारी माणसं एकमेकांशी बोलायला लागली. लाइट आल्यावर ती जागेवर जाईनात.

प्रश्न आले ते अपेक्षित होते. खर्च कुणाचा? उसाचे पैसे मिळायच्या आत वर्गणी कशी द्यायची? वरच्या अंगाचं रान चांगलं आहे, त्यांनी का द्यावेत? या शेवटच्या प्रश्नाला मी जुन्या छायाचित्रांची स्लाइड परत लावली आणि डाग कुठवर चढला आहे ते दाखवून गप्प बसले. मामा उठले आणि दोरीची गोष्ट सांगितली. मग अण्णा उठले. ते म्हणाले, काम ओढ्याकडून सुरू होणार असं लिहून देणार असाल तर माझी हरकत नाही, पण खाजगी रानातून चर न्यायचा नाही, फक्त पाणंदीच्या कडेने. माझ्या मूळ मांडणीत एका ठिकाणी चर रानातून आडवा जात होता, त्याने अंतर वाचत होतं. मी ते सोडून दिलं. पाणंदीच्या कडेने जास्त खर्च येईल, पण ठराव एकमताने होईल.

शेवटच्या स्लाइडवर ठरावाचा मसुदाच लिहिला होता, पूर्ण वाक्यांत, सूचक आणि अनुमोदक यांच्यासाठी रिकाम्या जागा ठेवून. ग्रामसेवकांनी बदल घालून तोच इतिवृत्तात उतरवला. हे नक्की करा. सभेत ‘हो हो, करूया’ झालं आणि वहीत दुसरंच काही उतरलं, तर पुढच्या कार्यालयात तुमच्याकडे दाखवायला काही उरत नाही. सूचक मामा झाले. अनुमोदक म्हणून अण्णांनी नाव द्या म्हटल्यावर माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

ठरावाची नक्कल हातात यायला जून उजाडला. तोवर पाऊस सुरू झाला होता. त्या वर्षी मेच्या तिसऱ्या आठवड्यापासूनच झोडपायला लागला. पांढऱ्या रानांचे फोटो एप्रिलमध्ये काढून ठेवले होते म्हणून बरं. उन्हाळाभर दिसणारा तो थर पहिल्या पावसातच विरघळतो आणि मग दाखवायला काही राहत नाही. पावसाळ्यात तालुका कृषी कार्यालयात प्रस्ताव दिला. तिथे एकत्रित क्षेत्र, सातबारे, आठ-अ, माती अहवाल, संमतीपत्रं आणि ठरावाची नक्कल लागली. संमतीपत्रांना सगळ्यात जास्त वेळ लागतो, कारण सातबारावर नावं असलेल्या बहिणी सासरी असतात, कुणी पुण्यात, कुणी मुंबईत. ते काम आधीच सुरू करा. प्रस्तावावर अजून निर्णय आलेला नाही.

२ ऑक्टोबरच्या सभेत पाठपुरावा मांडायचा होता, पण त्याच दिवशी दसरा आला आणि हॉल रिकामाच राहिला. मग ठरवलं की चरासाठी सरकारी पैशांची वाट बघायची नाही, पाइपांसाठी बघू. शेतकऱ्यांची समिती केली आणि खालच्या अंगाला गुंठ्याला ठरावीक, वरच्या अंगाला त्याच्या निम्मी अशी वर्गणी लावली. नोव्हेंबरात चराकडेचे ऊस तुटले, जमीन वाळायला थोडे दिवस गेले आणि डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तासाला १,२०० रुपयांवर जेसीबी लावला. ओढ्याकडून सुरुवात केली, ठरावात लिहिल्याप्रमाणे. पहिले दोन दिवस लेव्हलवाला समोर उभा होता. हा खर्च वाचवू नका, तळाचा उतार एका जागी चुकला तर पाणी तिथेच तुंबतं.

सध्या चर अण्णांच्या बांधाच्या वरपर्यंत आला आहे. त्यांच्या रानातल्या पाइपात दोरी सोडून मोजायचं काम त्यांचा नातू दर रविवारी करतो आणि आकडा वहीत लिहितो. आमच्या रानापर्यंत चर यायला अजून चार-पाच शेतं राहिली आहेत, त्यांच्या मधला एक ऊस जानेवारीत तुटेल. तोवर वर्गणीचा हिशेब जमा-खर्चासकट देवळाच्या भिंतीवर लावायचा आहे. पुढच्या सभेसाठी दोनच स्लाइड केल्या आहेत: एकीवर तो हिशेब, दुसरीवर नातवाच्या वहीतले आकडे.